घरचेच भिडू : ब्रिजविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एकाच घरातले चौघं मिळून खेळणारे वाचक जास्त आहेत. त्यामुळे उत्तरंही त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : मामाजी, सासूबाई, आमचे हे आणि मी असे चौघं घरी ब्रिज खेळतो. मृग बहराची संत्री तोडून झाली की चार जणांच्या संघांच्या स्पर्धेला नागपूरला जायचं ठरवलंय. जोड्या कशा लावाव्या? आम्ही नवरा-बायको समोरासमोर बसलो की भांडण ठरलेलं. मामाजींसोबत बसले तर ते माझ्या बोलीवर मान हलवतात, आणि त्यावरून मला सगळं कळतं. (वाचक, वरूड, जि. अमरावती)

उत्तर : शेवटचं वाक्य आधी घेऊ, कारण जोड्यांपेक्षा तोच प्रश्न मोठा आहे. भिडूला जे सांगायचं ते फक्त बोलीतून आणि टाकलेल्या पानातून, असं ड्युप्लिकेट ब्रिजचा (तेच पत्ते दोन्ही टेबलांवर खेळायच्या प्रकाराचा) नियम 73 सांगतो. मान हलवणं, उसासा, डबलचा पत्ता आपटून ठेवणं हे सगळं त्याबाहेरचं. समजा, मामाजींनी बराच वेळ घोळून पास दिला आणि त्यांच्याकडे दहा-अकरा गुण (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1 या हिशोबाने) आहेत हे तुम्ही ओळखलं. विचार करणं हा त्यांचा दोष नाही. दोष तुमच्याकडे येतो, तो त्या घोळण्याच्या भरवशावर तुम्ही बोललात तर. नियम 16 प्रमाणे तुमच्यापुढे दोन समंजस पर्याय असतील, तर भिडूच्या रेंगाळण्याने सुचवलेला पर्याय घेता येत नाही. घेतलात आणि समोरच्यांचं, म्हणजे विरुद्ध जोडीचं, नुकसान झालं, तर डायरेक्टर (स्पर्धेचा पंच) त्या बोर्डाचा, म्हणजे डावाचा, निकाल बदलतो. नव्या ओळखीच्या जोडीपेक्षा घरची जोडी यात लवकर सापडते. एकमेकांचे चेहरे वाचायची सवय झालेली असते आणि आपण वाचतोय हेही लक्षात येत नाही.

घरच्या सरावापासूनच तोंडी बोली बंद करा आणि बिडिंग बॉक्स वापरा. त्यात 1 किलवरपासून 7 नो ट्रम्पपर्यंत 35 बोल्या, शिवाय पास, डबल आणि रीडबल असतात. बोली मनात पक्की होईपर्यंत बॉक्सला हात लावायचा नाही. एक पत्ता अर्धा ओढून दुसरा काढणं म्हणजे दोन बोल्या सांगणंच. विरुद्ध जोडीकडून मधली पातळी सोडून, उडी मारून बोली आली, तर पुढच्याने पत्ते कसेही असोत, सुमारे 10 सेकंद थांबायचं. पहिल्या उतारीनंतर डमी (डिक्लेररच्या भिडूचे उघडे पत्ते) मांडली की डिक्लेररने, म्हणजे बोली जिंकून डाव खेळणाऱ्याने, आणि तिसऱ्या खेळाडूने दर वेळी थोडं थांबावं. मग खरंच विचार करायची वेळ आली, तरी त्या थांबण्यातून कोणाला काही कळत नाही.

घरच्या जोड्या आणखी एका ठिकाणी हमखास चुकतात. तुमच्या बोलीचा अर्थ भिडूने समोरच्यांना चुकीचा सांगितला, तर बोली चालू असताना तोंड उघडायचं नाही, चेहराही बदलायचा नाही. तुमची बाजू डिक्लेररची ठरली, तर शेवटच्या पासनंतर, पहिल्या उतारीच्या आधी डायरेक्टरला बोलावून खुलासा करा. बचावात असाल तर डाव संपल्यावरच करा. “अहो, असं नाही ते!” एवढं तोंडून निघालं तरी नियम मोडला.

आता जोड्या. तुम्ही आणि मामाजी, सासूबाई आणि मुलगा, असं बसा. प्रत्येक जोडीत एक पुरुष, एक बाई येते, त्यामुळे मिश्र संघांच्या स्पर्धेतही हीच मांडणी चालते. मामाजींचं वय मनात आणू नका. 2018 च्या जकार्ता आशियाई खेळांत पुरुषांच्या जोडीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा प्रणव बर्धन 60 वर्षांचे आणि शिबनाथ सरकार 56 वर्षांचे होते.

प्रत्येक जोडीने आपली पद्धत एका कागदावर लिहावी. 1 नो ट्रम्प किती गुणांवर (बहुतेक जण 15 ते 17), इस्पिक-बदाम उघडायला पाच पानं लागतात का, 2 बदाम आणि 2 इस्पिक दुबळे का, 4 नो ट्रम्पला उत्तरं कशी, एवढं सगळेच लिहितात. राहून जातं ते वेगळंच : आपल्या 1 नो ट्रम्पवर समोरच्याने मध्ये बोली घातली तर स्टेमन आणि ट्रान्सफर (1 नो ट्रम्पला भिडूने द्यायच्या ठरलेल्या उत्तर-बोल्या) चालू राहतात की बंद होतात? डबल केलं तर? टेकआउट डबल (भिडूला त्याचा रंग बोलायला सांगणारं डबल) कोणत्या पातळीपर्यंत? बहुतेक भांडणांचं मूळ या न लिहिलेल्या ओळींत असतं. दोन्ही टेबलांचा हिशोब जुळेपर्यंत झालेल्या डावावर चर्चा करू नका. स्कोअरकार्डच्या कडेला बोर्डाचा नंबर तेवढा टिपून ठेवा.

प्रश्न : दोन्ही बाजू व्हल्नरेबल (गेमचं बक्षीस आणि बुडीचा दंड दोन्ही जास्त). मी दक्षिणेला 1 नो ट्रम्प उघडलं, वहिनींनी सरळ 3 नो ट्रम्प म्हटलं. पश्चिमेने बदाम पंजी उतरली, पूर्वेने राणी टाकली, मी एक्क्याने घेतला. एका हाताने बुडालो. भाऊ म्हणतो, थांबायचं होतं. पण किती? (वाचक, चिखली, जि. बुलढाणा)

डमी : इस्पिक 9, 7, 4, बदाम 6, 2, चौकट एक्का, गुलाम, 10, 9, 4, किलवर एक्का, 7, 3.
दक्षिण : इस्पिक एक्का, राजा, 5, बदाम एक्का, 7, 3, चौकट राणी, 8, 5, किलवर राजा, 9, 6, 2.

उत्तर : भावाचं बरोबर आहे. दोन वेळा थांबायचं, म्हणजे एक्का न टाकता हात जाऊ द्यायचा, आणि तिसऱ्या फेरीला एक्का टाकायचा.

आधी हात मोजा. इस्पिकचे दोन, बदामाचा एक, किलवरचे दोन, असे पाच हात तयार आहेत. बाकीचे चार चौकटीतून येतात, चौकटीचा राजा कोणाकडेही असला तरी. म्हणजे राजा जाईल का हा प्रश्नच नाही. तो पूर्वेला गेला तर पूर्वेकडे परतवायला बदाम उरतो का, हा प्रश्न आहे. दक्षिणेतून राणी उतरून फिनेस (राजा पश्चिमेकडे असेल या आशेवरची चाल) घेतला की चुकला तरी हात पूर्वेकडेच जातो; पश्चिमेकडे कधी जात नाही.

बदाम असे होते : पश्चिमेला राजा, गुलाम, 9, 5, 4, पूर्वेला राणी, 10, 8. चौकटीचा राजाही पूर्वेकडेच. तुम्ही पहिलाच हात घेतल्यावर पूर्वेकडे 10 आणि 8 राहिले. चौकटीवर हात मिळताच त्याने बदाम परतवला आणि पश्चिमेच्या लांब रंगाने बदामाचे चार हात झाले. चौकटीचा राजा धरून पाच. एकदाच थांबला असतात, तरी पूर्वेकडे अठ्ठी उरली असती आणि डाव तसाच बुडाला असता. दोनदा थांबल्यावर पूर्वेचे बदाम संपतात. राजा घेऊन तो इस्पिक किंवा किलवर परतवेल, आणि ते दोन्ही रंग तुमच्याकडे अडवलेले आहेत.

हे पाठ ठेवायचं सूत्र सातचं. त्या रंगाची तुमची आणि डमीची मिळून पानं सातातून वजा करा. येईल तितक्या वेळा थांबा. इथे 3 आणि 2 मिळून 5, म्हणून 2. बदाम 4-4 वाटले असते तर? तरी हरकत नव्हती : तीन बदाम आणि एक चौकट, एकूण चारच हात जातात. मात्र दुसरा एखादा रंग बदामापेक्षा जास्त उघडा असेल, तर हे सूत्र बाजूला ठेवा. थांबलात की समोरचे त्या रंगाकडे वळतील.

दुसऱ्या टेबलावर हाच डाव झाला असेल, तर 600 त्यांचे आणि वर 100 तुमच्या बुडीचे, म्हणजे 700 चा फरक. त्याचे 12 इंप (संघांच्या सामन्यात फरकावरून मोजायचे गुण) गेले. भावाचा राग वाजवी म्हणायचा.

प्रश्न : आमच्या गल्लीत ब्रिज खेळणारी दोन घरं आहेत. ऑनलाइन बसावं तर ऐन वेळी लाईन जाते. बोर्डही नाहीत. घरच्या घरी संघाचा सामना कसा लावावा? (वाचक, आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : बोर्ड घरी होतात. जाड पुठ्ठ्यावर चारही बाजूंना एकेक पाकीट चिकटवा. ब्रिजचं पान साधारण 57 बाय 89 मिलिमीटरचं असतं, पाकीट त्याहून बोटभर मोठं घ्या. नंबर, पहिली बोली कोणाची आणि व्हल्नरेबल कोण हे पुठ्ठ्यावरच लिहा. आठ बोर्डांना क्रम असा : 1 कोणीच नाही, 2 उत्तर-दक्षिण, 3 पूर्व-पश्चिम, 4 दोघेही, 5 उत्तर-दक्षिण, 6 पूर्व-पश्चिम, 7 दोघेही, 8 कोणीच नाही. पहिली बोली उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी फिरत राहते. प्रत्येक बोर्डाला स्वतंत्र कॅट लागतो, म्हणजे आठ कॅट.

एक टेबल सपरीत, दुसरं आतल्या खोलीत, एकाची बोली दुसरीकडे ऐकू येणार नाही इतकं लांब. सपरीत तुमच्या घराची जोडी उत्तर-दक्षिण, आत तुमची दुसरी जोडी पूर्व-पश्चिम. 1 ते 4 बोर्ड सपरीत, 5 ते 8 आत, मग अदलाबदल. आठ बोर्डांना तासभर धरा, सुरुवातीला थोडा जास्त.

हात झाला की पान मध्ये टाकायचं नाही. ते आपल्यापुढेच पालथं ठेवायचं : हात आपल्या बाजूने जिंकला तर उभं, गेला तर आडवं. पाकिटातून पत्ते काढल्यावर, बघण्याआधी, तेरा मोजायचेच. एका पाकिटात चौदा आणि दुसऱ्यात बारा गेले, तर दुसऱ्या टेबलावर तो डावच उरत नाही, आणि चूक कोणाची यावर अर्धा तास जातो. पावसाळ्यात कागदी पत्ते फुगतात आणि चिकटतात, म्हणून प्लास्टिकचे घ्या.

लाईन असेल तेव्हा ब्रिज बेस ऑनलाइनवर जरूर खेळा, पण घरातले दोन भिडू वेगवेगळ्या खोल्यांत बसा. तिथे आपल्या बोलीचा अर्थ भिडूने नव्हे, आपणच टाइप करून समोरच्यांना सांगायचा असतो.

प्रश्न : आमचे बाबा दोघांचे मिळून चोवीस गुणावर गेम (4 इस्पिकसारखी मोठ्या बक्षिसाची बोली) बोलते अन् फसलं की म्हणते पत्तेच खराब. मी म्हणतो, पंचवीस असल्याशिवाय बोलू नये. कोण बरोबर? (वाचक, मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : संघाचा सामना असेल आणि तुम्ही व्हल्नरेबल असाल तर बाबा. हिशोब बघा. 4 इस्पिक झाले तर 620; दुसऱ्या टेबलावर गेम न बोलता तेवढेच हात केले तर 170. फरक 450, म्हणजे 10 इंप कमाई. एकाने बुडालात तर उणे 100 आणि तिकडे 140. फरक 240, म्हणजे 6 इंप तोटा. दहा मिळवायला सहा पणाला लावायचे, तर शंभरात साडेसदतीस वेळा गेम झाला तरी बरोबरी होते. व्हल्नरेबल नसाल तर निम्म्याच्या जरा खाली. मॅचपॉइंटच्या (दर बोर्डाला बाकीच्या जोड्यांशी तुलना करून गुण देणाऱ्या) जोडी स्पर्धेत मात्र निम्मी खात्री लागते, तिथे तुमचं ऐका. पाच पानांचा चांगला रंग असेल तर चोवीस गुणही पंचवीससारखे चालतात. सगळी पानं 4-3-3-3 अशी सपाट असतील तर पंचवीसही कमी पडतात. पत्ते खराब होते हे कारण मात्र कुठेच चालत नाही.

प्रश्न : समाजमंदिरात संध्याकाळी आम्ही खेळतो, गावातले काही लोक जुगार म्हणून बोट दाखवतात. (वाचक, दिग्रस, जि. यवतमाळ)

उत्तर : महाराष्ट्रात लागू असलेल्या 1887 च्या जुगारबंदी कायद्याचं कलम 13 निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतं. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, तेव्हा तुलनेला ब्रिजचंच उदाहरण घेतलं होतं. तरीही टेबलावर एक रुपयाही ठेवू नका. स्कोअरशीट भिंतीला लावा आणि बोट दाखवणाऱ्यांपैकी एखाद्याला डमीमागच्या खुर्चीत बसवा.

प्रश्न : दहा वर्षांचा पुतण्या मेंढीकोट छान खेळतो. ब्रिज कुठून सुरू करावं? (वाचक, ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

उत्तर : मिनी ब्रिजपासून. बोली नाही. वाटणाऱ्यापासून सुरू करून प्रत्येकाने आपले गुण सांगायचे : एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1. चौघांचे मिळून 40 व्हायलाच हवेत. नाही झाले तर कोणाची तरी बेरीज चुकली. ज्या जोडीचे गुण जास्त, तिच्यातला जास्त गुणवाला डिक्लेरर. 20-20 आले तर पुन्हा वाटा. भिडूचे पत्ते आधी उघडे मांडायचे, ते पाहून डिक्लेररने हुकूम आणि गेम की त्याखाली, हे ठरवायचं. मग डावीकडून उतारी.

रंगाला रंग देणं, भिडूचा हात न मारणं, हुकूम मोजणं हे मेंढीकोटाने त्याला शिकवलेलंच आहे. दोन सवयी मोडाव्या लागतील. दश्शी वाचवत बसायची गरज नाही. आणि बचावात हाती एक्का आला की लगेच उतरायचा नाही : एक्का राजा-राणी पकडायला असतो, आधीच उतरला तर दुर्री-तिर्री घेऊन परततो.

प्रश्न : रंग असून चुकून दुसरा टाकला तर दंड किती? घरी आम्ही सरळ तीन हात देतो. (वाचक, लाखनी, जि. भंडारा)

उत्तर : ठरलेला दंड म्हणून तीन कधीच नाहीत. चूक करणाऱ्याने किंवा त्याच्या भिडूने पुढच्या हातात पान टाकेपर्यंत ती दुरुस्त करता येते. बचावातल्या खेळाडूचं चुकलेलं पान मात्र दंडाचं म्हणून टेबलावर उघडं राहतं. डिक्लेरर आपलं पान परत उचलू शकतो. त्या दोघांपैकी कोणी पुढच्या हातात पान टाकलं की चूक पक्की. तो हात चुकणाऱ्यानेच जिंकला असेल, तर तो हात आणि त्याच्या बाजूने नंतर जिंकलेल्यांपैकी एक, असे जास्तीत जास्त दोन जातात. त्याने जिंकला नसेल, पण त्याच्या बाजूने तो किंवा नंतरचा एखादा हात जिंकला असेल, तर एक. पुढे एकही जिंकला नाही तर काहीच नाही. डिक्लेररने रंग दिला नाही की “इस्पिक नाहीत का?” एवढं डमीने विचारलेलं चालतं. त्याची सवय लावा, म्हणजे बहुतेक वेळा दंडापर्यंत गोष्ट जात नाही.