बॉयलरची राख आणि ताजे शेण एकत्र कुजवू नका

कोळशावर चालणाऱ्या बॉयलरची राख शेणखतात मिसळून पिकाला घालता येईल का आणि एकरी किती घालावी, असा आपला प्रश्न आहे. राख घालता येते. मात्र ताज्या शेणात मिसळून मुळीच नाही, आणि याच मुद्द्यावरून माझे व माझ्या थोरल्या बंधूंचे आजही पटत नाही.

एका कारखान्याने राख फुकट दिली, वाहतूकही स्वतःच केली, म्हणून दादा हरखले. फुकट घरपोच येणारी राख ही बहुधा दुसऱ्याची डोकेदुखी असते, हे मी तेव्हाच म्हणालो होतो. "राखेत पालाश, शेणात नत्र, दोन्ही एकत्र कुजले की पूर्ण खत झाले," असे त्यांचे गणित होते. शेणाचा एक थर आणि राखेचा एक थर अशी रास रचली गेली आणि तिच्यावर पाणी शिंपडताच असा उग्र, डोळ्यांना झोंबणारा वास सुटला की गडी तोंडाला फडके बांधूनच फावडे मारू लागले. दादांच्या मते खत "तापत" होते. प्रत्यक्षात नत्र हवेत उडून चालले होते. शेण-मुतातील नत्राचा मोठा भाग अमोनियमच्या रूपात असतो आणि सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कपणाचे माप) 7 च्या आसपास असेपर्यंत तो टिकून राहतो, परंतु सामू 9.25 पर्यंत चढला की त्यातील जवळपास निम्म्याचा अमोनिया होतो, आणि कोळशाच्या कित्येक राखांचा सामू याहूनही वर असतो. पालाशाचे म्हणाल, तर लाकडाच्या राखेतला पिकाला लागू पडतो. कोळशाच्या राखेतला बराचसा काचेसारख्या कणांत अडकून बसलेला असतो.

त्या खतावरचा मका खालच्या पानांपासून पिवळा पडत गेला आणि हा पिवळेपणा पानाच्या टोकाकडून मधल्या शिरेने आत सरकत होता, म्हणजे नत्राच्या कमतरतेचे अगदी पुस्तकी लक्षण. दादांनी दोष पाण्याला दिला. शेजारच्या सऱ्यांत नुसते कुजलेले शेणखत होते, पाणी तेच होते आणि मका हिरवागार होता, यावर त्यांनी आजवर उत्तर दिलेले नाही.

एकरी आकडा मी सांगणार नाही, कारण राखेचा आणि मातीचा अहवाल पाहिल्याशिवाय तो सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. सामू, क्षार, बोरॉन, आर्सेनिक, कॅडमियम आणि शिसे एवढे तरी तपासून घ्या. "कुजवले की सगळे निवळते" हे दादांचे दुसरे लाडके वाक्य. रास 55 ते 65 अंशांवर नीट तापली तर रोगजंतू आणि तणांचे बी मरते हे खरे, पण धातू कुजत नाहीत, उलट सेंद्रिय भाग कुजून राशीचे वजन घटल्यामुळे त्यांचे प्रमाण वाढते.

आता एवढे मान्य केले पाहिजे की आम्लधर्मी जमिनीत अशी राख चुन्यासारखी उपयोगी पडते, आणि पावसात बराच काळ पडून राहिलेल्या राखेतील बोरॉन पुष्कळसा धुऊन गेलेला असतो. तेव्हा जमीन तशी असेल आणि अहवाल स्वच्छ असेल, तर राख आधी मातीत मिसळावी व काही आठवड्यांनी पूर्ण कुजलेले शेणखत घालावे. चुनखडीच्या जमिनीत मात्र ही राख मला कोणी वर पैसे देऊन दिली तरी मी घेणार नाही, दादा घेतील.