आर्मेचर बदलावं की ग्राइंडरच नवा घ्यावा?

प्रश्न : कूलरचे स्टँड आणि खिडक्यांच्या ग्रिल बनवतो. दीड हजारांचा चार इंची ग्राइंडर आहे. आता मागच्या जाळीतून ठिणग्या दिसतात, जळका वास येतो आणि जरा दाबला की मशीन बसतं. मिस्त्री म्हणतो आर्मेचर गेलं, सातशे लागतील. बदलू का?
– एक वाचक, हिंगणा रोड

आर्मेचर म्हणजे मोटरीतला फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग. सातशे रुपये मोजण्याआधी त्याला वीज पोचवणारे घासते तुकडे, म्हणजे कार्बन, काढून बघा. प्लग काढा, मागचं कव्हर उघडा. कार्बन ५-६ मिमीपेक्षा आखूड झाला असेल तर स्प्रिंगचा दाब पुरत नाही आणि ठिणग्या तिथूनच सुरू होतात. कार्बन जोडीनेच बदलायचे. होल्डरमध्ये भुकटी साचून ते अडकत असतील तर नवेही ठिणग्या पाडतील, म्हणून होल्डर आधी साफ करा. बसवल्यावर दहा मिनिटं मशीन रिकामं चालवा, म्हणजे कार्बनचं तोंड कॉम्युटेटरच्या (आर्मेचरच्या टोकाच्या, तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याच्या) गोलाईला बसेल.

कार्बन ठीक असतील तर कॉम्युटेटरकडे वळा. तांब्याच्या पट्ट्या सगळीकडे सारख्या तपकिरी असतील तर काळजी नाही. लगतच्या दोन पट्ट्या काळ्या, खड्डे पडलेल्या दिसल्या तर त्यांना जोडलेली कॉइल बहुधा तुटली आहे. मल्टिमीटर सगळ्यात खालच्या ओहमवर लावा आणि शेजारशेजारच्या पट्ट्या मोजत पूर्ण फेरी घ्या. आकडा सगळीकडे जवळपास सारखा यायला हवा. एखाद्याच जोडीवर एकदम वाढला तर आर्मेचर गेलं. पट्टी आणि शाफ्ट यांच्यात मीटरची शिटी वाजली तर आर्मेचर बॉडीला लागलंय, करंट बॉडीत उतरू शकतो, ते मशीन हातात धरूच नका. आतल्या आत शॉर्ट झालेली कॉइल मात्र साध्या मीटरवर सापडत नाही. त्यासाठी वाईंडिंगवाल्याकडे ग्राउलरवर (आर्मेचरमधला शॉर्ट शोधायच्या यंत्रावर) लावून घ्या.

आता पैशांचं. आर्मेचर खरंच जळलं असेल तर फील्ड कॉइलही (आर्मेचरभोवतीची न फिरणारी गुंडाळी) बहुधा त्याच उष्णतेत भाजलेली असते. तिचं वॉर्निश काळं पडलंय का बघा, दोन्ही कॉइलचा रोध सारखा येतो का मोजा. स्पिंडल (डिस्क बसते तो दांडा) धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग किंवा गिअरही आलेच. यातलं एकही निघालं तर दीड हजारांच्या मशीनवर सातशे घालू नका, पुढच्या महिन्यात पुन्हा तेवढेच जातील. फील्ड स्वच्छ आणि गिअर घट्ट असेल तरच आर्मेचर बदला. एरवी आम्ही कार्बन, बेअरिंग, स्विच आणि वायर एवढ्यापुरतीच स्वस्त ग्राइंडरची दुरुस्ती करायला सांगू. गिअर बॉक्स उघडलाच तर ग्रीस ठासून भरू नका. निम्म्याहून कमी पुरे, जास्तीचं ग्रीस तापून मोटरीत उतरतं.

आर्मेचर जळलं कशाने, हे शोधल्याशिवाय नवं मशीन लावू नका. ८५० वॅटचा ग्राइंडर साधारण ४ अँपिअर ओढतो. बारीक वायरीच्या लांबलचक एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडतं, फेरे कमी होतात, आतला पंखा हवा कमी ओढतो, आणि काम उरकावं म्हणून आपण आणखी दाबतो. त्यात मे महिन्यातली नागपूरची टिनाची शेड. एक्स्टेन्शनला तांब्याची १.५ चौ. मिमी वायर वापरा. जोराचा कट झाला की लगेच बंद न करता मिनिटभर रिकामं फिरू द्या. आणि नवं घेताना इतवारीच्या बाजारात दुकानदाराला आधी विचारा, ‘याचे कार्बन आणि गिअर मिळतात का?’ नाही म्हणाला तर ते मशीन कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

प्रश्न : बेंच व्हाईसचा हँडल फिरतो, पण जबडा आवळत नाही. भंगारात देऊ?
– एक वाचक, कामठी

देऊ नका. नटचे आटे झिजलेत. स्क्रू काढून नट लेथवाल्याकडे न्या. जुन्या स्क्रूला जुळवून गनमेटलचा नट करून घेतला की व्हाईस पुन्हा वर्षानुवर्षं चालतो. स्क्रूचे आटेही धारदार झाले असतील तर दोन्ही एकदम करा, नाहीतर झिजलेला स्क्रू नवा नट खाईल. जबड्यांच्या पट्ट्याही बदलता येतात. बॉडीला तडा गेला असेल तरच सोडून द्या, कारण बिडाचं वेल्डिंग थंड होताना शेजारीच पुन्हा तडकतं.

प्रश्न : स्वस्त ड्रिल बिट धार लावून वापरावेत का?
– एक वाचक, वाडी

आधी तो बिट कशाचा आहे ते ओळखा. मागचं टोक ग्राइंडरवर हलकं टेकवा. पिवळट पांढऱ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या ठिणग्या आल्या तर ते साधं कार्बन स्टील; मंद, लालसर, न फुटणाऱ्या आल्या तर हायस्पीड स्टील. कार्बन स्टीलचा बिट निळा पडला की त्या जागेचा कडकपणा गेला. तिथे लावलेली धार दोन भोकंही टिकत नाही. हायस्पीड बिट मात्र संपेपर्यंत घासा. टोकाचा कोन ११८ अंश, आणि धारेच्या मागचा उतार १० ते १२ अंश. दोन्ही धारा लांबीला सारख्याच हव्यात, एक जरी मोठी राहिली तर ८ मिमीचा बिट साडेआठचं भोक पाडेल आणि बोल्ट डुगडुगेल.