छोट्या गावात लोकांनी चालावं, सायकल वापरावी यासाठी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की गाव लहान आहे, या टोकाहून त्या टोकाला चालत दहा मिनिटं लागतात तरी लोक किराणा आणायलासुद्धा गाडीला किक मारतात, मग चालणं आणि सायकल परत कशी आणायची. मी लातूरकडचा. आमच्या गावात आम्ही काही जण तीन-चार वर्षं याच्यामागे लागलोय, त्यातलं जे जमलं आणि जे फसलं ते सांगतो.

आधी हे सांगतो की रॅली काढू नका. आम्ही काढली, टोप्या वाटल्या, फोटो झाले, दुसऱ्या दिवशी सगळे परत गाडीवर. ज्याच्या दारात बुलेट उभी आहे त्याला सायकलवर बसवायला आम्ही धडपडत होतो आणि ज्या रोज पायीच जात होत्या, शाळेच्या पोरी, रानात खुरपायला जाणाऱ्या बाया, त्यांच्याकडे आमचं लक्षच नव्हतं.

आमच्याकडून हायस्कूल चार-साडेचार किलोमीटर. मानव विकास योजनेत राज्यातल्या 125 तालुक्यांमध्ये 8वी ते 12वीच्या गरजू मुलींना सायकल मिळते, शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना, तशी आमच्या पोरींनाही मिळालेली. पण घरोघरी जाऊन बघितलं तर निम्म्याहून जास्त सायकली भिंतीला टेकवलेल्या, गंज चढलेला. मोठं काही झालेलं नव्हतं, कुणाचं पंक्चर, कुणाचा व्हॉल्व्ह गेलेला, कुणाची चेन तुटलेली. गावात पंक्चरवाला आहे पण तो ट्रॅक्टर-मोटरसायकलचा, सायकलची ट्यूब ठेवत नाही, आणि तालुक्याला न्यायची म्हणजे टमटममध्ये टाकून न्या, भाडं द्या, वर बापाचा एक रोज बुडतो. मग सायकल पडून राहते आणि पोरगी कधी टमटमनं जाते, कधी घरीच बसते. हे बघून मला फार वाईट वाटलं, खरंच.

आम्ही वर्गणी काढून पाने, पॅच, सोल्युशन, पंप आणि चार ट्यूबा आणल्या. शनिवारची सकाळची शाळा सुटली की व्हरांड्यात मांडून बसायचो. पहिले दोन महिने मीच पंक्चर काढत होतो, आता नववीतली एक पोरगी माझ्यापेक्षा भारी काढते आणि बाकीच्यांना शिकवते. बंद सायकली रस्त्यावर आल्या त्या एवढ्यानंच, भाषणानं एकही आली नव्हती.

आणि याचा परिणाम छोटा नसतो हो. बिहारनं 2006 पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले, त्याचा नंतर अभ्यास झाला तर माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुली 32 टक्क्यांनी वाढलेल्या, आणि ही वाढ मुख्यतः शाळा 3 किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांतली. म्हणजे तुमच्या गावात पण आधी हे बघा की कुणाला रोज कुठे जायचंय आणि ते किती लांब आहे.

मोठ्या बायकांचं म्हणाल तर तमिळनाडूतलं पुदुकोट्टई बघा. तिथे 1991 च्या सुमारास साक्षरता मोहिमेतच बायकांना सायकल शिकवली, शीला राणी चुंकत तेव्हा कलेक्टर होत्या, आणि हजारो बाया शिकल्या. आम्ही बचत गटाच्या बायकांना विचारलं तर म्हणाल्या शिकायचंय पण माणसं बघत बसतात. मग शाळेच्या मैदानात, अंधार पडल्यावर, मोबाईलच्या उजेडात शिकवलं. त्यातल्या एक काकू आता डेअरीला दूध सायकलवर नेतात, कॅरिअरला किटली बांधून.

चालणाऱ्यांसाठी खर्च कमीच असतो, गटारावरची फुटलेली झाकणं बदला आणि खांबावरचे दिवे चालू ठेवा, बाया संध्याकाळी आपोआप चालायला बाहेर पडतात.

रस्त्याचं मात्र चिकाटीनं करावं लागतं. आमचा शाळेकडचा रस्ता काँक्रीटचा झाला पण साइडपट्टी भरलीच नाही, कडेला वीतभर खड्डा, मागून गाडी आली की सायकलवाल्यानं उतरायचं कुठे? आधी रस्ता कुणाचा ते शोधा, ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की बांधकाम खात्याचा, नाहीतर वर्षभर चुकीच्या ऑफिसात अर्ज देत बसाल. ग्रामसभेत ठराव मांडा आणि प्रोसिडिंगला लिहून घेतल्याशिवाय उठू नका. आमचा मुरूम पडायला दीड वर्ष लागलं, पण पडला.

तुमच्याकडे ऊस असेल तर अजून एक. संध्याकाळी शाळेतून येणाऱ्या पोरींना सगळ्यात जास्त भीती उसाच्या ट्रॉल्यांची असते, मागे लाइट नसतो आणि ऊस बाहेर लोंबत असतो. आम्ही ट्रॉलीवाल्यांच्या घरी जाऊन मागच्या फळीला रेडियम लावून दिलं, सायकलींच्या मडगार्डलाही लावलं, कुणी नाही म्हटलं नाही. फक्त हे दसऱ्याच्या आतच करा, एकदा कारखान्याचा बॉयलर पेटला की ट्रॉलीवाला घरी सापडत नाही.