‘गुणाकाराचे बेरजेवर वितरण’ या प्रयोगाविषयी

प्रश्न असा आहे: बीजगणितात ‘गुणाकाराचे बेरजेवर वितरण होते’ असे म्हणतात आणि त्यासाठी ३(क्ष + २) = ३क्ष + ६ असे उदाहरण देतात; परंतु वितरण म्हणजे वाटप, आणि वाटप झाले की मूळ वस्तूचे हिस्से होऊन प्रत्येकाच्या पदरी थोडे थोडे पडते. मग येथे ३ चे हिस्से न होता तो दोन्ही पदांना अख्खाच्या अख्खा कसा मिळतो? शब्द चुकला आहे काय? शिवाय ‘बेरजेवर’ कशासाठी, ‘बेरजेत’ का नाही, आणि ‘कंस सोडवणे’ व ‘सरळ रूप देणे’ ही एकाच क्रियेची दोन नावे आहेत का, असेही विचारले आहे.

शब्द चुकलेला नाही. अडचण येते ती ‘वितरण’ आणि ‘वाटणी’ हे शब्द समानार्थी धरल्यामुळे. वाटणीत वाटेकरी वाढला की हिस्सा घटतो. ‘वितरण’ हा शब्द मात्र ‘तृ’ या धातूला ‘वि’ हा उपसर्ग लागून झालेला असून संस्कृतात ‘वितरति’ याचा अर्थ ‘देतो, बहाल करतो’ असा होतो. देताना मूळ वस्तू तुटलीच पाहिजे, अशी अट त्या अर्थात नाही. भवभूतीच्या उत्तररामचरितात ‘वितरति गुरुः प्राज्ञे विद्यां यथैव तथा जडे’ असे वचन आहे. गुरू बुद्धिमान शिष्याला जशी विद्या देतो तशीच मंद शिष्यालाही देतो, हा त्याचा आशय. शिष्य दोन आहेत म्हणून कोणाला अर्धी विद्या मिळत नाही, आणि कंसाबाहेरच्या ३ चेही तसेच आहे.

गणितातली संज्ञा अर्थातच भवभूतीपासून आलेली नाही. फ्रेंच गणिती सेर्व्हा याने १८१४ च्या सुमारास क्रमनिरपेक्षता (क्रम बदलला तरी उत्तर तेच राहणे) आणि वितरण या गुणधर्मांना त्याच्या भाषेत नावे दिली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. गुणधर्म मात्र त्याहून फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, १३५ ला १२ ने गुणण्याच्या ज्या रीती दिल्या आहेत त्यांपैकी एकीत १२ चे ८ आणि ४ असे खंड केले जातात, प्रत्येक खंडाने १३५ ला गुणले जाते आणि १०८० व ५४० यांची बेरीज करून १६२० हे उत्तर मिळते. प्रश्नकर्त्याला ज्या तुकड्यांची शंका आली, ते तुकडे येथे खरोखरच झालेले दिसतात, पण ते १२ चे झाले आहेत. १३५ ही संख्या न तुटता दोन्ही खंडांना मिळाली आहे. बीजगणितात हे खंड आधीच बेरजेच्या रूपाने कंसात मांडलेले असतात, एवढाच फरक.

‘पूर्ण देणे’ हा अर्थ पक्का धरला की नेहमीच्या दोन चुकांचे मूळही कळते. पहिली चूक ३(क्ष + २) = ३क्ष + २ अशी; येथे दुसरे पद वंचित राहिले. दुसरी चूक अधिक चिवट आहे. ५क्ष − २(३क्ष − ४) या राशीचा कंस सोडवताना पुष्कळजण ५क्ष − ६क्ष − ८ असे लिहितात. त्यांनी २ दोन्ही पदांना दिला, पण त्याच्यामागचे वजा चिन्ह फक्त पहिल्या पदाला दिले. वितरण होते ते −२ चे, चिन्हासकट. म्हणून −२ गुणिले −४ म्हणजे +८ आणि राशी ५क्ष − ६क्ष + ८, म्हणजेच −क्ष + ८ अशी होते. क्ष च्या जागी १ घातला तर मूळ राशीची किंमत ५ − २(−१) = ७ येते; बरोबर उत्तरातूनही ७ येते, चुकीच्या उत्तरातून −९ येते.

आता ‘बेरजेवर’. या वाक्यप्रयोगात ‘चे’ हा षष्ठीचा प्रत्यय कंसाबाहेरची क्रिया दाखवतो आणि ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय कंसातली. ‘बेरजेत’ म्हटल्याने कोण कोणाला लागू होते आहे, ते स्पष्ट होत नाही. जागांची अदलाबदल केली तर विधान खोटे ठरते: बेरजेचे गुणाकारावर वितरण होत नाही, कारण २ + (३ × ४) म्हणजे १४, तर (२ + ३) × (२ + ४) म्हणजे ३०. संचांमध्ये मात्र संयोगाचे (दोन संचांतले सगळे घटक एकत्र घेणे) छेदावर (दोन्हींत असलेले तेवढेच घटक घेणे) आणि छेदाचे संयोगावर, दोन्ही प्रकारे वितरण होते. म्हणून ‘वितरणाचा गुणधर्म’ असे मोघम म्हणण्यापेक्षा कशाचे कशावर, ते सांगणारा लांबलचक प्रयोगच मला योग्य वाटतो, जरी तो उच्चारायला काहीसा अवघड असला तरी.

‘कंस सोडवणे’ आणि ‘सरळ रूप देणे’ या क्रिया एक नाहीत. वरच्या उदाहरणात ५क्ष − ६क्ष + ८ येथे कंस सुटला, पण सरळ रूप मिळाले ते सजातीय पदे, म्हणजे ५क्ष व ६क्ष यांसारखी एकाच अक्षराची पदे, एकत्र केल्यावर. गंमत अशी की ही दुसरी पायरीसुद्धा वितरणच आहे, फक्त उलट वाचलेले: ५क्ष − ६क्ष = (५ − ६)क्ष. दोन्ही पदांना मिळालेला क्ष परत घेऊन कंसाबाहेर ठेवला आणि ५ आणि ६ या सहगुणकांची वजाबाकी केली. ५क्ष + ६य या विजातीय पदांत असा सामाईक क्ष नसल्यामुळे ती जोडता येत नाहीत. त्यांचे ११क्षय करणाऱ्याला ‘सजातीय’ची व्याख्या पाठ असूनही तिचे कारण माहीत नसते. ६क्ष + ९ चे ३(२क्ष + ३) असे अवयव पाडतानाही हीच उलटी चाल असते.

यावरून एक सूचना करावीशी वाटते. ३(क्ष + २) आणि ३क्ष + ६ यांपैकी अधिक सरळ रूप कोणते, हे नुसते पाहून ठरत नाही: किंमत काढायची असेल तर पहिले सोपे, दुसऱ्या राशीत मिळवायचे असेल तर दुसरे. अशा एकट्या राशीखाली ‘सरळ रूप द्या’ न लिहिता ‘विस्तार करा’ किंवा ‘अवयव पाडा’ असे लिहिणे अधिक नेमके आहे, आणि ‘सरळ रूप द्या’ ही सूचना सजातीय पदे खरोखरच एकत्र करायची असतील तेथेच वापरावी.