नायकाची सावली मागे लागते, पण मारते भलत्याच वेळी. गेममध्ये ती नीट कशी बसवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोडॉट या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टू-डी गेम, दादरच्या रेल्वे पुलांवरून धावणारा डबेवाला, आणि त्याच्या मागे दीड सेकंद अंतर ठेवून त्याचीच काळी सावली. मित्राच्या गेमिंग लॅपटॉपवर ती लगेच गाठते, जुन्या फोनवर मागेच राहते, आणि शेवटच्या लढाईत कोणालाच हरत नाही.

पहिल्या दोन तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे. तुम्ही नायकाची जागा साध्या प्रोसेसमध्ये (दर फ्रेमला चालणाऱ्या कोडमध्ये) नोंदवत असणार आणि सावलीला ९० नोंदी जुनी जागा देत असणार. हा प्रोसेस स्क्रीनच्या वेगाने चालतो. ९० नोंदींमागची जागा म्हणजे ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर दीड सेकंद. १४४ हर्ट्झवर तेवढ्याच नोंदी साधारण ०.६ सेकंदात भरतात, आणि ३० फ्रेमवर रखडणाऱ्या फोनवर तीन सेकंद लागतात. नोंद फिजिक्स प्रोसेसमध्ये हलवा. तो मुळातच सेकंदाला ६० वेळा चालतो, समोर स्क्रीन कुठलीही असो.

नोंद बटणांची करू नका. कागदावर ते सुटसुटीत दिसतं: प्लेअरने दाबलेलं बटण दीड सेकंदाने सावलीला द्यायचं. पण तेवढ्यात हातगाडी दोन पिक्सेल सरकलेली असते, सावलीची उडी तिला अडते, आणि तिथून पुढे दोघांच्या वाटा कायमच्या वेगळ्या होतात. त्यापेक्षा जागा, तोंडाची दिशा, अ‍ॅनिमेशनचं नाव आणि त्यातली कितवी फ्रेम, एवढंच गोल फिरणाऱ्या अ‍ॅरेत, म्हणजे भरली की जुनी नोंद पुसून नवी घेणाऱ्या यादीत, ठेवा. सावलीला स्वतःचं फिजिक्स नकोच. ती नोंदीवर नेऊन ठेवायची. असल्या ९० नोंदी काही किलोबाइटच्या पुढे जात नाहीत, तेव्हा काटकसर नको.

यात एक खड्डा आहे आणि तुमच्या गेममध्ये तो नक्की लागणार: चालती लोकल. डबेवाला मालडब्यात उभा असतानाची जागा नोंदवलीत, तर सावली दीड सेकंदाने रुळांच्या वर हवेत तरंगताना दिसेल, गाडी पुढे गेलेली असेल. म्हणून पायाखाली हलतं काही असेल, तर त्या वस्तूचा क्रमांक आणि तिच्यापासूनचं अंतर नोंदवा.

आता आंधळ्या गल्ल्या. समजा नायकाचा वेग सेकंदाला १२० पिक्सेल. सावली १८० पिक्सेल मागे आहे. फलाटाच्या टोकाला ठेवलेला डबा उचलून तो तडक वळला, की ०.७५ सेकंदाने, टोकापासून बरोबर ९० पिक्सेलवर, दोघं समोरासमोर येणार. हे प्रत्येक वेळी, त्याच जागी होणार, कारण ते निव्वळ गणित आहे. तिथे छत बुटकं असेल तर प्लेअरला सुटकाच नाही, आणि तो तुम्हाला शिव्या घालेल, रास्तपणे. त्या जागी उडीपुरतं छत उंच ठेवा, किंवा परतायला दुसरा जिना द्या. मी उडीच निवडेन. दीड सेकंदाने सावलीही तीच उडी मारते, तेव्हा कुणीच नसलेल्या जागेवरून, आणि ते बघायला फार छान वाटतं.

बाकी नेहमीच्या चुका. नायक मेल्यावर अ‍ॅरे रिकामा केला नाही, तर सावली मेल्या जागेवरून थेट नव्या जागी टपकते. संवाद चालू असताना नोंद आणि सावली दोन्ही थांबवा, नाहीतर बिचारा उभ्या उभ्या मरतो. पाठलाग पहिल्या पावलाला सुरू करा, लेव्हल उघडताक्षणी नाही. सावलीचा हिटबॉक्स, म्हणजे जिथे स्पर्श झाला की मार लागतो ती चौकट, चित्राच्या साठ-सत्तर टक्के पुरे. आणि चित्र उलटं करून वापरत असाल, तर डब्याच्या झाकणावरची अक्षरं उलटी होतात. सावलीवर ते शोभतं, नायकावर नाही.

लढाईचा दोष वेगळा आहे. तुमची सावली बटण दाबताक्षणी ढाल वर करते, म्हणजे ती डोळ्यांनी बघत नाही, थेट कीबोर्ड वाचते. माणसाला दिसलेल्या गोष्टीवर हात हलवायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. तिलाही १५ फ्रेमचा उशीर द्या. शिवाय दोघांच्या चाली हुबेहूब सारख्या असतील, तर तलवारीवर तलवार आपटत राहते आणि निकाल लागत नाही. कोंडी फोडायला एक नियम असा हवा, जो नायकाला लागू आहे पण सावलीला नाही, किंवा उलट. १९८७ च्या ‘मेगा मॅन’मधली प्रत तुमच्या हातात असलेलंच शस्त्र वापरते, म्हणजे शत्रूचं शस्त्र तुम्हीच निवडता. १९९६ च्या ‘टूम रेडर’मधली नायिका लाराची प्रतिकृती आरशासारखी हलते आणि तिला मारलेली गोळी लारालाच लागते. मग लाराने अशा जागी जायचं, की तिकडे तीच चाल चालणारी प्रतिकृती सापळ्याच्या झडपेवर येते आणि खाली लाव्हात पडते. ‘मेगा मॅन’च्याच वर्षी, १९८७ मध्ये आलेल्या ‘झेल्डा’च्या दुसऱ्या भागात शेवटचा शत्रू म्हणजे नायक लिंकची सावली आहे. डाव्या कोपऱ्यात खाली बसून तलवार चालवत राहिलं की ती आपणहून येऊन मरते. कोपरे तपासा, एवढंच सांगतो.

मात्र सगळ्यात शिकण्यासारखा आहे १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. अ‍ॅपल टू संगणकावर नवा शत्रू काढायला मेमरी उरली नव्हती, म्हणून जॉर्डन मेकनर यांनी राजपुत्राचंच चित्र एका गणिती क्रियेने विरलेलं करून पुन्हा वापरलं. तुम्हीही सावलीसाठी वेगळी चित्रं काढू नका, रंग शेडरने, म्हणजे चित्र पडद्यावर रंगवणाऱ्या छोट्या कोडने, बदला. रात्रीच्या फलाटावर ठार काळं काही दिसत नाही, म्हणून कडेला एक पिक्सेलची फिकी रेघ ठेवा. पण खरी हुशारी क्रमात आहे. चौथ्या लेव्हलमध्ये आरशातून उडी मारली की ती सावली बाहेर पडते. पाचव्यात राजपुत्राच्या डोळ्यांसमोर औषधाची बाटली पिऊन टाकते, सहाव्यात दार बंद करून त्याला खाली पाडते. तलवार निघते ती थेट बाराव्यात. तिथेही तिला केलेला वार स्वतःलाच लागतो, आणि सुटका तलवार म्यान केल्यावरच होते. तुमच्याकडे सावली पहिल्या मिनिटापासून मारायलाच धावते, म्हणून तिचा राग येत नाही, फक्त कंटाळा येतो. तिला आधी दोन-तीन खोड्या करू द्या. अंधेरीचा डबा चर्चगेटच्या ढिगात ठेवून निघून जाऊ दे.

शेवटच्या लढाईला वेगळा नियम हवाच असेल, तर तो मुंबईत आयता आहे: शून्य सावली दिवस. इथे तो वर्षातून दोनदा येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, आणि त्या दुपारी साडेबारा वाजून गेल्यावर सूर्य नेमका डोक्यावर असतो. पडद्यावर घड्याळ ठेवा, वेळ जवळ येईल तशी सावलीची उंची आणि हिटबॉक्स सोबत आखडत न्या, आणि प्लेअरला तेवढा वेळ नुसता तग धरू द्या. दोन अटी: लढाई उघड्या फलाटावर घ्या, कारण पुलावर छप्पर आहे, आणि तारीख मेची धरा, जुलैत आपल्याकडे त्या दिवशी सूर्य दिसेलच याचा भरवसा नाही.