तिसऱ्या सिझेरियनआधी वारेची जागा विचार

प्रिय लेकी,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोन सिझेरियन झालीत, हे तिसरं, पाचवा महिना सरत आलाय आणि घरात जो तो वेगळंच सांगतोय. सासूबाई म्हणतात, दोन झाली तशी तिसरीही होईल. शेजारच्या ताई म्हणतात, तिसऱ्यांदा पोट उघडणं म्हणजे जिवाशी खेळ. दोन्ही बोलणी अर्धी आहेत. बहुतेक बायकांचं तिसरं सिझेरियन नीट पार पडतं. जिथे फार बिघडतं तिथे पुष्कळदा एकच गोष्ट दिसते. वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा प्लॅसेंटा, जुन्या टाक्यांवर बसलेली असते आणि ते आधी कुणी पाहिलेलं नसतं, किंवा पाहूनही रक्ताची सोय नसलेल्या ठिकाणी ऑपरेशन ठरलेलं असतं. म्हणून तुला आधी वारेबद्दल सांगते, बाकीचं नंतर.

गर्भपिशवीच्या आतल्या बाजूला जे मऊ अस्तर असतं त्यावर वार बसते आणि बाळ झाल्यावर त्याच थरातून सुटते. जुन्या टाक्यांच्या जागी हे अस्तर नीट उरलेलं नसतं. वार नेमकी तिथे रुजली तर पिंपळाचं मूळ भिंतीत शिरावं तशी ती पिशवीच्या स्नायूत शिरते, कधी पार मूत्राशयापर्यंत जाते. मग बाळ निघाल्यावर ती सुटत नाही आणि ओढली की रक्ताचा लोंढा लागतो. दिवस भरताना गर्भपिशवीकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. त्यामुळे अशा वेळी हातात मिनिटंच असतात.

आकडे ऐकून घाबरू नकोस, पण ऐक. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल तर ती रुजून बसण्याचं प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी शंभरात ३, दुसऱ्याला ११ आणि तिसऱ्याला ४० होतं. वार तोंडापासून दूर असेल तर तिसऱ्या वेळी हेच प्रमाण हजारात एखादं. या दोन आकड्यांमध्ये केवढं अंतर आहे बघ. तू कोणत्या बाजूला आहेस हे सोनोग्राफीत कळतं. बाळाचं लिंग विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे. वारेची जागा विचारणं मात्र तुझा हक्क आहे.

आता २० आठवड्यांच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट काढ. त्यात ‘प्लॅसेंटा’ या शब्दापुढे ‘अँटेरियर’ म्हणजे पुढच्या बाजूला किंवा ‘पोस्टेरियर’ म्हणजे मागे असं लिहिलेलं असेल. वार पुढे आणि वर असेल तर काळजी नाही. पुढे आणि खाली, म्हणजे थेट टाक्यांच्या पट्ट्यात असेल तर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट सांग, ‘माझी दोन सिझेरियन झालीत, वार टाक्यांत शिरली आहे का ते बघा.’ हे सांगणं महत्त्वाचं, कारण पुष्कळदा चिठ्ठीवर मागच्या सिझेरियनचा उल्लेखच नसतो आणि न सांगता बघणारा ते शोधायला जात नाही. कलर डॉपलरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, वारेत रक्ताच्या पोकळ्या दिसतात का, वार आणि स्नायू यांच्यामधली काळी रेघ शाबूत आहे का, मूत्राशयाची कड सलग आहे का, हे पाहतात. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत हे जास्त नीट दिसतं. वार खाली असली तरी ती तपासणी सुरक्षित आहे, नको म्हणू नकोस.

पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार पुढे बहुतेकदा वर सरकते, कारण पिशवीचा खालचा भाग वाढतो. म्हणून २८ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा बघायचं. कड तोंडापासून २ सेंटिमीटरच्या आत असेल तर ती खालीच समजायची. अशा वेळी संबंध ठेवायचा नाही, आणि थोडं जरी अंगावरून लाल गेलं, दुखत नसलं तरी, लगेच दवाखाना गाठायचा.

वार रुजल्याचा संशय आला तर सगळा बेत बदलतो. ऑपरेशन ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान ठरवून होतं, बाळाच्या फुप्फुसांसाठी आधी इंजेक्शनं देतात, रक्ताच्या बाटल्या बऱ्याच तयार ठेवाव्या लागतात. भूलतज्ज्ञ, मूत्रविकारांचे सर्जन आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग एकाच इमारतीत लागतात. पुष्कळदा वार न ओढता पिशवी काढावी लागते. हे आधी माहीत असलेलं बरं, टेबलावर ऐकायला नको. असं निघालं तर जवळचं नर्सिंग होम कितीही ओळखीचं असो, तिथे करायचं नाही. जिल्हा शासकीय रुग्णालय किंवा रक्तपेढी आणि आयसीयू असलेलं मोठं रुग्णालय, हेच पर्याय.

आता जुने कागद. डिस्चार्ज कार्डावर बहुतेकदा फक्त ‘एलएससीएस’ (सिझेरियनचं इंग्रजी लघुरूप) एवढंच असतं. तुला हव्यात त्या ऑपरेशन नोट्स. पिशवीवरचा छेद आडवा होता की उभा, मूत्राशय चिकटलेलं होतं का, रक्त किती गेलं, भूल कोणती दिली आणि काही त्रास झाला का, हे सगळं त्यात असतं. कातडीवरचा टाका आडवा आहे म्हणून आतला छेदही आडवाच असेल असं धरू नकोस. आतला छेद उभा असेल तर कळा सुरू होण्याची वाट बघता येत नाही, ३६ ते ३७ आठवड्यांत ऑपरेशन करावं लागतं. रुग्णालयानं नोंदी किमान ३ वर्षं ठेवायच्या आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या, असा डॉक्टरांसाठीचा नियम आहे. लेखी अर्ज कर, पोच घे. पहिल्या बाळंतपणाचे कागद कदाचित मिळणार नाहीत, दुसऱ्याचे तरी मिळव.

हिमोग्लोबिन किती आहे ते तू लिहिलंच नाहीस, आणि वारेखालोखाल मला त्याचीच चिंता आहे. ११ च्या खाली म्हणजे पंडुरोग. ऑपरेशनमध्ये एक लिटरभर रक्त जाऊ शकतं. हिमोग्लोबिन १२ असलेली बाई ते सोसते, ८ असलेली कोसळू शकते. आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. रोज एक घ्यायची, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टर दोन सांगतील. चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेतलीस तर ती अंगी लागत नाही. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेव आणि लिंबूपाण्याबरोबर घे. शौच काळी होईल, त्यात भिण्यासारखं काही नाही. महिनाभर घेऊनही आकडा हलला नाही, किंवा सातव्या महिन्यानंतरही कमीच असला, तर शिरेतून लोह देतात. ते आठव्या महिन्याच्या आत घेतलं तर रक्त भरायला वेळ मिळतो, शेवटच्या आठवड्यात घेऊन फारसा उपयोग नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ आठवड्यांना अँटी-डी इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोन बाटल्यांचं क्रॉसमॅच, म्हणजे ते रक्त तुझ्या रक्ताशी जुळतं का ही तपासणी, झालंय का, हे जावईबापूंना स्वतः विचारायला सांग. त्यांनी स्वतः मात्र तुझ्यासाठी रक्त देऊ नये. नवऱ्याचं रक्त बायकोला देणं टाळतात, त्यानं पुढच्या गरोदरपणात बाळाला त्रास होईल अशी प्रतिद्रव्यं तयार होऊ शकतात.

माहेरी पेठला जायचं म्हणतेस. सातव्यात ओटी भरायला जा, चार दिवस राहा, परत ये. ३२ आठवड्यांनंतर तिकडे मुक्काम नको. पेठहून नाशिक पन्नासएक किलोमीटर, मध्ये सावळघाट, पावसात रात्री गाडी मिळणं कठीण. आईलाच नाशिकला बोलावून घे. सिंहस्थाच्या पर्वणीचे दिवस तुझ्या तारखेजवळ येत असतील तर पंचवटीकडचे रस्ते बंद असतात. तेव्हा दोन दिवस आधीच भरती हो.

तारखेबद्दल. वार वर, छेद आडवा, बाकी सगळं ठीक असेल तर ३९ आठवडे ही योग्य वेळ. आधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास जास्त होतो, फार उशीर केला तर कळा सुरू होण्याची भीती. आठवडे मोजायचे ते पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून. घरचे मुहूर्त काढतील. ३९ व्या आठवड्यातल्या दिवसांमधला, सकाळच्या वेळेचा मुहूर्त निघाला तर आनंदानं घ्या. ३७ व्या आठवड्यातला किंवा रात्री दोनचा असेल तर नाही म्हणा. दिवसा भूलतज्ज्ञ, दुसरे सर्जन, रक्तपेढीतला माणूस हाकेवर असतात, आणि तिसऱ्या वेळी दुसऱ्या सर्जनची गरज लागू शकते.

दोन सिझेरियननंतर नैसर्गिक बाळंतपणाचं विचारलंयस. निवडक बायकांना ते करता येतं. पण कळांमध्ये टाके उसवण्याचं प्रमाण एका सिझेरियननंतर दोनशेत एक, तर दोन झाल्यावर शंभरात एक ते दोन आहे. चोवीस तास ऑपरेशन थिएटर आणि भूलतज्ज्ञ जागेवर नसतील तिथे हा विचार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि कळा याव्यात म्हणून कुणी एरंडेल पाजायला आलं तर अजिबात घेऊ नकोस. ठरलेल्या तारखेआधी पोट आवळून येऊ लागलं, पाणी गेलं, टाक्यांवर कळ नसतानाही दुखत राहिलं, लघवीत रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर घरी वाट बघायची नाही. १०८ ला फोन कर, काही खाऊ नकोस, फाइल बरोबर घे.

ऑपरेशनच्या दिवशी जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. घरी ब्लेडनं केस काढू नकोस, त्या ओरखड्यांतूनच जंतू शिरतात. नेलपॉलिश पुसून टाक, बोटाला लावायच्या यंत्राला त्याचा अडथळा होतो. भूल कंबरेतून देतात. लगेच रक्तदाब उतरून मळमळू शकतं. ते भूलतज्ज्ञांना सांग, औषध दिलं की मिनिटभरात थांबतं. छेद घेण्याआधी तासाभराच्या आत अँटिबायोटिक दिलं जातं. तिसऱ्या वेळी बाळ बाहेर यायला आधीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. आतडी, पिशवी आणि मूत्राशय एकमेकांना चिकटलेली असू शकतात, ती हलक्या हातानं सोडवावी लागतात. घाई केली तर मूत्राशयाला इजा होते. तशी झाली तर तिथेच शिवतात आणि लघवीची नळी एका दिवसाऐवजी आठवडा-दोन आठवडे ठेवतात. डॉक्टर वेळ घेत आहेत म्हणून बाहेर घरच्यांनी घाबरून जाऊ नये.

नंतरच्या दिवसांत तुझ्या बाजूनं सगळ्यात मोठं काम म्हणजे लवकर उठणं. पाय बधिर राहायचे थांबले की त्याच दिवशी, कुणाचा तरी हात धरून. कुशीवर वळ, पाय पलंगाखाली सोड, कोपरावर जोर देऊन उठ. सरळ पोटाच्या जोरावर उठायचं नाही. पडून राहिलं की पायात गाठी धरतात; एका पोटरीत दुखून सूज आली किंवा एकाएकी दम लागला तर ते त्याच क्षणी सांगायचं. खोकताना टाक्यांवर उशी दाब. बाळाला काखेत धरून पाजलंस तर पोटावर भार येत नाही. दुखण्याच्या गोळ्या वेळेवर घे, पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेननं दुधाला काही होत नाही. दुखणं सोसत राहिलं तर तू उठणार नाहीस आणि बाळाला नीट पाजता येणार नाही. ‘पाणी पिऊ नकोस, पोट सुटेल’ हे ऐकू नकोस, बद्धकोष्ठ होऊन टाक्यांवर ताण येतो. डिंकाचे, अळिवाचे लाडू खा, शेकशेगडीही चालेल, फक्त टाक्यांवर तेल आणि धुरी नको. ताप, टाक्यातून पू, तासाभरात पॅड भिजणं, यांपैकी काहीही झालं तर ठरलेल्या तपासणीची वाट न बघता परत जायचं. सहा आठवडे बाळाहून जड काही उचलू नकोस. मोठ्या दोघींना जवळ घ्यायचं असेल तर तू बस, त्यांना तुझ्याकडे चढू दे.

खर्चाचं म्हणशील तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधं, रक्त, सोनोग्राफी आणि जेवण मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी असते. खासगीत नाव घातलं असलं तरी एकदा तिथे दाखवून ये, म्हणजे अडचणीच्या वेळी तू त्यांना नवी नसशील.

शेवटचा निर्णय ऑपरेशनच्या आधी, शांतपणे घ्यायचा. चौथ्यांदा हीच जोखीम आणखी वाढते, त्याच अभ्यासात खाली असलेल्या वारेसाठी ४० चे ६१ होतात. हे घरात मुलगा हवा म्हणणाऱ्यांसमोर आकड्यासकट सांग. नसबंदी करायची असेल तर त्याच वेळी पाच मिनिटांचं काम आहे. संमती मात्र तारखेच्या आधी, समजून उमजून द्यायची, आणि सही तुझी लागते, नवऱ्याची नव्हे. मन होत नसेल तर ऑपरेशनमध्येच तांबी बसवता येते, ती १० वर्षं चालते. छाया या गर्भनिरोधक गोळ्या अंगावर पाजतानाही चालतात, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. जावईबापू पुरुष नसबंदीला तयार असतील तर ती सगळ्यात सोपी, त्यात पोट उघडावं लागत नाही. फक्त त्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून घ्यायचं, तोवर ती लागू झाली असं धरायचं नाही.

तुझी,
मावशी