छतावरचा एसी राहू द्या, आधी गादी आणि ड्रॉवर

सांगलीहून एका वाचकाचं पत्र आलंय. ते साखर कारखान्यातून निवृत्त झालेत, वय 61. पत्नी शिक्षिका, त्या पुढच्या वर्षी जूनमध्ये निवृत्त होतील. गेल्या नोव्हेंबरमध्ये ग्रॅच्युइटीच्या पैशातून 11 लाखांना त्यांनी जुनी मोटर कॅराव्हॅन, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घेतली. आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, तशीच नोंद असलेली, ट्रॅव्हलर या मोठ्या प्रवासी गाडीच्या चासीवर (सांगाड्यावर) बांधलेली. आता तिच्यात स्वतःच्या हाताने सुधारणा करायच्यात. यादी अशी: लिथियम बॅटरी, सोलर आणि मोठा इन्व्हर्टर 1,35,000, छतावरचा एसी 1,30,000, पलंगाखालचे ड्रॉवर आणि नवी गादी 45,000, 12 व्होल्टचा फ्रिज 32,000, बाजूला ओढायची कनात 25,000, पोर्टेबल टॉयलेट 18,000. एकूण 3,85,000. त्यासाठी 4 लाखांची एफडी मोडायची का, असं ते विचारतात. मुलगा म्हणतो, कर्ज काढा, हप्ता भरता येईल.

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना वहिनींनी खाली जोडलेल्या ओळीपाशी थांबलो. ‘रात्री पाठ धरते, आणि सकाळी चहाचा डबा काढायचा तर आख्खी गादी उचलावी लागते.’ तुम्ही चार पानं बॅटरी आणि सोलरवर लिहिलीत, त्यांनी एक ओळ. माझ्या मते तुमच्या यादीचा क्रम त्या एका ओळीत आहे.

नोव्हेंबरपासून तुम्ही गाडीत 9 रात्री काढल्यात. वर्षाला 40 रात्री काढायचा बेत आहे. बेताबद्दल मला शंका नाही, तुमच्या पत्रातला आनंद खरा आहे आणि निवृत्तीनंतर दोघांनी मिळून फिरायचं ठरवावं याहून चांगलं काय असणार. पण पैशाचा हिशेब झालेल्या रात्रींवर करायचा असतो. गाडीची किंमत दरवर्षी लाखभराने उतरेल असं धरा. विमा, सर्व्हिसिंग, टायरची तजवीज मिळून साठ हजार धरा. वर्षाचे झाले 1,60,000. चाळीस रात्री राहिलात तर डिझेल सोडून एका रात्रीचे 4,000 रुपये पडतात. त्यावर हे 3,85,000 सात वर्षांत वाटले, तर वर्षाला 55,000 म्हणजे रात्रीमागे आणखी 1,375. आणि चाळीसऐवजी पंधराच रात्री झाल्या, तर फक्त या सुधारणाच रात्रीमागे 3,600 च्या वर जातात. गाडी विकताना हे पैसे परत येतील असं मनात धरू नका. घेणारा माणूस चासी, इंजिन, किलोमीटर आणि कागद बघतो. आपण हौसेनं बसवलेल्या फळीचे पैसे तो देत नाही, उलट कधी ती काढून द्या म्हणतो.

म्हणून मी तुमची यादी उलटी करतो.

सगळ्यात आधी पलंग, ड्रॉवर आणि गादी. हे 45,000 बिनघोर खर्च करा. सुतारकाम तुमच्या हातात आहे, वेळही आहे. मिस्त्रीची मजुरी वाचते ती इथेच खऱ्या अर्थानं वाचते, कारण मोजमाप चुकलं तरी नुकसान एका फळीचं. फक्त वजनाचं भान ठेवा. 18 मिमी जाडीच्या आठ बाय चार प्लायचं एक शीट तीस-पस्तीस किलो भरतं. घरातल्या कपाटाच्या सवयीनं सगळीकडे 18 चं लावलं की दोन माणसांचं वजन गाडीत कायमचं बसतं. ड्रॉवरच्या खोक्यांना 12 चं पुरतं. खिळे नकोत, रस्त्याच्या हादऱ्यानं ते सुटतात. स्क्रू आणि फेविकॉल दोन्ही वापरा. प्रत्येक ड्रॉवरला बाहेरून कडी हवीच. माझ्या भावाच्या गाडीत ती नव्हती. आंबा घाट उतरताना एका वळणावर खालचा ड्रॉवर सुसाट बाहेर आला आणि त्यातला कुकर भावजयीच्या घोट्यावर बसला. वीस रुपयांची कडी लावायची राहिली म्हणून ती सहल दवाखान्यात संपली.

गादीच्या बाबतीत महागाचा फोम हे उत्तर नाही. सपाट प्लायवर फोम टाकला की अंगाच्या उबेनं खाली पाणी धरतं, आणि कोकणच्या हवेत चार दिवसांत गादीच्या तळाला काळे ठिपके दिसतात. पलंगाचा वरचा भाग पट्ट्यांचा करा, मध्ये दोन-दोन इंच फट सोडा. त्यावर काथ्याचा थर आणि वर तीन-चार इंचांचा घट्ट फोम, मापानं शिवून घेतलेला. कडक बसेल, पण पाठ धरणार नाही.

पोर्टेबल टॉयलेट तुम्ही यादीत शेवटी टाकलंय, मी ते दुसरं घेतो. एकसष्टाव्या वर्षी रात्री दोनदा उठावं लागतं हे लाजण्यासारखं नाही. अनोळखी जागी, अंधारात, टॉर्च हातात घेऊन बाहेर पडण्यात जी भीती असते ती आधी बायकांच्या वाट्याला येते, आणि पुढच्या सहलीला नको म्हणण्याचं खरं कारण बहुतेक वेळा तेच असतं. ते जमिनीला ठोकावंही लागत नाही, गाडी विकलीत तरी तुमच्याकडे राहतं. 18,000 योग्य खर्च आहे.

कनात आत्ता नको. बाजारातून चांगली ताडपत्री, दोरी आणि दोन पाइप घ्या, अडीच हजारांत काम होतं. दोन मोसम वापरून बघा. रोज लावावीशी वाटली तर कनात पुढे आहेच.

आता बॅटरी. इथे तुमचा आकडा मला मोठा वाटतो, आणि तो मोठा झालाय एसीमुळे. एसी बाजूला ठेवून गरज मोजा. 12 व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज दिवसाला चारशे ते पाचशे वॉट-तास घेतो (हजार वॉट-तास म्हणजे विजेचं एक युनिट). पंचवीस वॉटचा पंखा आठ तास म्हणजे दोनशे. दिवे आणि दोन मोबाइल मिळून शंभर. झाले आठशेच्या आसपास. 100 अॅम्पिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे 1,280 वॉट-तास देते. पुरते, वर शिल्लक राहते. छतावर 200 वॉटचं एक पॅनल टाकलं तर चांगल्या उन्हात सहाशे-सातशे परत येतात, बाकीची भरती गाडी चालताना होते. तेवढ्यासाठी डीसी-डीसी चार्जर, म्हणजे गाडीच्या विजेवर ही बॅटरी बेतानं भरणारं यंत्र, घ्या. लिथियम बॅटरी थेट आल्टरनेटरला (इंजिनावर चालणाऱ्या वीज तयार करणाऱ्या यंत्राला) जोडू नका, ती एवढा करंट ओढते की आल्टरनेटर तापून जातो. फ्रिज, पंखे, दिवे सगळे 12 व्होल्टवर चालत असताना मोठा इन्व्हर्टर लागतच नाही. हा सगळा प्रकार सत्तर हजारांच्या आत बसावा. घरात पडून असलेली इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी वापरू का, असं तुम्ही विचारलंय. नको. ती पन्नास किलोंच्या वर असते, निम्मीच वापरता येते, आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. बंद केबिनमध्ये, गॅसच्या शेगडीशेजारी, झोपलेल्या माणसांखाली ती ठेवायची नाही.

बॅटरीचा खोका तुम्ही करा, वायरी ओढा, पण शेवटची जोडणी जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात हवा. इथे मजुरी वाचवू नका.

आणि एसी. हा मी यादीतून काढतोय, त्याची कारणं नीट सांगतो. तुम्ही घ्यायची म्हणता ती 200 अॅम्पिअर-तासाची बॅटरी म्हणजे 2,560 वॉट-तास. एसी तासाला हजाराच्या पुढेमागे घेतो. तूट धरली तर दोन-सव्वादोन तासांत बॅटरी खाली. रात्री अकराला लावलात तर सव्वाला उकडून जागे व्हाल. रात्रभर चालवायचा तर बॅटरी तिप्पट-चौपट हवी किंवा बाहेरून वीज हवी, आणि जिथे बाहेरून वीज मिळते तिथे बहुतेक वेळा खोलीही मिळते. 1,30,000 रुपयांत 3,000 ची खोली 43 रात्री घेता येते. वर्षात खरोखर उकाड्यानं झोप न येणाऱ्या रात्री तुमच्या वाट्याला किती येतील? सहा-सात? तेवढ्या रात्री खुशाल एमटीडीसीच्या किंवा दुसऱ्या कुठल्या खोलीत राहा, गाडी बाहेर उभी करा.

शिवाय त्यासाठी छत कापावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीत नोंदलेला, निर्मात्याचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला आपल्या मनानं करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 182-अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्हीची तरतूद आहे. दंडाहून मला विम्याची काळजी जास्त वाटते. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं छताचा काप बघितला, तर अकरा लाखांच्या गाडीचा दावा वादात जातो. छत, आसनांची संख्या, खिडक्या यांना हात लावायचा असेल तर आधी आरटीओची लेखी परवानगी. आतले सुटे ड्रॉवर वेगळे, पण बॅटरी आणि पॅनल बसवण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा आणि पॉलिसीत नोंदवून घ्या. अशा विद्युत सामानासाठी साधारण किमतीच्या चार टक्के जादा हप्ता लागतो. सत्तर हजारांवर वर्षाला 2,800. तो भरा.

एक काम मात्र कुठलंही सामान आणण्याआधी करा, आणि ते तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही. गाडी वजनकाट्यावर न्या. उसाच्या गाड्या मोजण्यात तुमची हयात गेली, आता स्वतःची मोजा. डिझेल फुल, पाण्याची टाकी भरलेली, सिलिंडर, भांडी, कपडे, तुम्ही दोघं आत. जो आकडा येईल तो आरसीवरच्या कमाल एकूण वजनातून वजा करा. उरेल तेवढंच तुम्हाला भरायला आहे. पाण्याची शंभर लिटरची टाकी एकटीच शंभर किलो खाते हे ती पावती बघितली की मनावर ठसतं. शक्य असेल तर मागची चाकं वेगळी मोजा, कारण ड्रॉवर, बॅटरी, पाणी सगळं मागेच जाऊन बसतं.

आता पैसे कुठून. एफडी मोडू नका. 7.25 टक्क्यांची, तीन वर्षांची, 22 महिने झालेली आहे. मोडली तर बँक झालेल्या मुदतीचा दर लावते आणि वर दंड कापते. तो दर पावणेसात आणि दंड एक टक्का धरला, तरी मिळालेल्या व्याजातलेच 11,000 रुपये परत जातात. तुमच्या दुरुस्त झालेल्या यादीला एवढे पैसे लागतही नाहीत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले 15 लाख तर अजिबात हलवू नका. 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 30,750 येतात, आणि वहिनींचा पगार थांबला की घरखर्चाला तोच आधार आहे. वर्षभराच्या आत ते खातं बंद केलं तर व्याजच मिळत नाही, दुसऱ्या वर्षात बंद केलं तर मुदलातून दीड टक्का जातो.

मुलाचं मन चांगलं आहे, पण हौसेसाठी निवृत्तीत हप्ता लावून घेऊ नका. त्यानं द्यायचेच असतील तर फ्रिज भेट द्यावा.

पहिला टप्पा, म्हणजे पलंग-ड्रॉवर-गादी, टॉयलेट, ताडपत्री आणि तीन हजारांत येणारे दोन पंखे, मिळून 68,500 होतात. वहिनींच्या पगारातून महिन्याला पंचवीस हजार बाजूला पडतात असं तुम्ही लिहिलंय. तीन महिन्यांत हे उरकतं. मग पावसाळा जाऊ द्या. त्या दरम्यान आणखी दहा-बारा रात्री झाल्या, तर दिवाळीनंतर बॅटरी, पॅनल आणि फ्रिज, लाखभर रुपये, चार महिन्यांत त्याच पद्धतीनं. रात्री झाल्या नाहीत तर तो लाख तसाच राहू द्या.

आणि मूळ यादीतून वाचलेल्या 2,15,000 पैकी पहिला खर्च मी सांगतो तो करा. तुमचा आरोग्यविमा दोघांत मिळून फक्त 5 लाखांचा आहे. त्यावर सुपर टॉप-अप, म्हणजे वर्षाचा खर्च ठरावीक रकमेपुढे गेला की लागू होणारा जादा विमा, घ्या, आधीचे आजार एकही न लपवता. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, म्हणजे हप्ता तेवढा हलका आहे. गुडघ्याचं ऑपरेशन किंवा एखादा स्टेंट निघाला की पहिली विकायला निघते ती हौसेची गाडी, आणि घाईत विकलेल्या गाडीला भाव येत नाही. ती तुमच्याकडे दहा वर्षं राहावी असं मला मनापासून वाटतं.

काट्याची पावती आली की मला कळवा, वजनाचा हिशेब आपण मिळून बघू. आणि प्लायला करवत लावण्याआधी वहिनींना गाडीत बसवा, चहाचा डबा त्यांच्या हातात द्या आणि तो कुठे हवा ते त्यांनाच दाखवू द्या. पहिला ड्रॉवर तिथे येऊ दे.